सुलतानाने परत घेतलेले पितळ

इसामीचे आजोबा तेव्हा नव्वद वर्षांचे होते. एकेकाळी सैन्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस म्हातारपणी दिल्लीतल्या आपल्या घरात स्वस्थ बसून होता, बाहेर पडणेही त्याने सोडले होते. सुलतानाची माणसे दारात आली, त्यांनी म्हाताऱ्याला अंथरुणावरून उठवले आणि दौलताबादच्या वाटेला लावले. दिल्ली सोडल्यावर पहिला मुक्काम तिलपतचा, आजच्या फरीदाबादजवळ. तिथेच आजोबांनी प्राण सोडला, तिथेच त्यांना पुरले. सोळा वर्षांचा नातू काफिल्याबरोबर पुढे निघाला.

हा नातू पुढे कवी झाला. १३४९-५० साली दौलताबादेत बसून त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हा फारसी काव्यग्रंथ लिहिला आणि त्यात मुहंमद बिन तुघलकाला एका शब्दाचीही माफी दिली नाही. तिलपतची ती कबर लक्षात ठेवूनच पुढचे सगळे वाचावे, कारण या सुलतानाची बाजू समजून घेताना त्याने मोडलेली घरे विसरली तर इतिहास खोटा होतो.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा डोंगर दिसतो. भिल्लम यादवाची राजधानी, रामदेवरायाचे वैभव, १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने घातलेला घाला, हे सारे शाळेत वाचलेले असते. त्यानंतरचा धडा मात्र सगळीकडे एकाच वाक्यात आटोपतो: एका लहरी सुलतानाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली, लोक हाल होऊन मेले, मग त्याने ती परत नेली. ऐकणारा हसतो आणि पुढे चालू लागतो. असा मूर्खपणा आपल्या हातून कधी होणार नाही, अशी त्याची खात्री असते. मला ही खात्रीच धोक्याची वाटते. कारण मुहंमद बिन तुघलक मूर्ख नव्हता. त्याचे निर्णय ज्या वाटेने चुकले, त्या वाटेने शहाणी माणसे रोज जातात: कारखाना चालवणारी, शेअर घेणारी, घर बांधणारी.

१३२५ साली तो गादीवर आला, तेव्हा त्याच्याइतका शिकलेला सुलतान दिल्लीने पाहिला नव्हता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक, ज्योतिष, सुलेखन यांत त्याला गती होती. वाद घालायला त्याला तर्कपंडित लागत. जैन आचार्य जिनप्रभसूरी १३२८ साली त्याला दिल्लीत भेटले, तेव्हा त्याने त्यांचा मोठा मान केला. दख्खनही त्याला ऐकून माहीत नव्हते. राजपुत्र असताना वारंगळची मोहीम त्याने स्वतः चालवली होती आणि १३२३ साली ते जिंकले होते. दिल्लीहून दक्षिणेत फौज पोचायला किती दिवस लागतात आणि तेवढ्यात काय काय बिनसते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

आणि मग बहाउद्दीन गुरशास्पचे बंड झाले. हा सुलतानाचा आतेभाऊ, दख्खनमध्ये सागरला नेमलेला. १३२६-२७ मध्ये तो उलटला, हरला आणि तुंगभद्रेकाठच्या कंपिलीच्या राजाकडे आश्रयाला गेला. कंपिली पडली, राजा लढता लढता मेला, गुरशास्प पुढे पकडला गेला आणि त्याला भयंकर मरण देण्यात आले. या साऱ्या काळात सुलतानाचा तळ देवगिरीला होता. तिथे बसून त्याने आपल्या राज्याचा विस्तार मनाशी मांडला असेल तर दिल्ली एका कोपऱ्यात पडल्याचे दिसले असणार. झियाउद्दीन बरनी हा त्याचा दरबारी इतिहासकार हेच कारण देतो: दिल्ली, गुजरात, बंगाल, तेलंगण, माबर, द्वारसमुद्र या सगळ्यांना देवगिरी सारखीच जवळ. देवगिरीचे दौलताबाद झाले.

या हिशेबात चूक कुठे होती? अंतरात नव्हती. चूक अशी की ताज्या ठेचेवरून त्याने सगळा रस्ता ठरवला. नुकतेच बंड दक्षिणेत झाले होते, म्हणून धोका दक्षिणेत आहे असे त्याच्या मनाने घेतले. जे नुकतेच घडले, जे डोळ्यांसमोर आहे, तेच पुन्हा घडेल असे माणसाला वाटते. पूर येऊन गेला की विमा घेणाऱ्यांची गर्दी होते आणि चार वर्षे पाऊस बेताचा झाला की ओढ्याच्या पात्रात घरे उभी राहतात, त्यामागे हीच समजूत असते. दिल्ली मात्र कोपऱ्यात होती ती काही कारणाने. वायव्येकडून येणाऱ्या मंगोल टोळ्यांच्या तोंडावर ती पहाऱ्यासारखी उभी होती. तो धोका काही वर्षे निवला होता, इतकेच. दौलताबाद नकाशाच्या मध्यावर होते, संकटाच्या मध्यावर नव्हते. आणि झालेही तसेच. पुढचे मोठे बंड अगदी दुसऱ्या टोकाला, मुलतानला उठले. त्याचे निमित्तही राजधानीच होती. तिथला मातब्बर सुभेदार किश्लू खान याचे कुटुंब दौलताबादला हलवण्यासाठी सुलतानाने माणूस पाठवला, बोलाचाली झाली आणि तो माणूस मारला गेला. सुलतानाला दौलताबादहून मुलतानवर जावे लागले. त्याच सुमारास तर्माशिरीन खानाचे मंगोलही हिंदुस्थानात उतरले.

स्थलांतराची तयारी मात्र हलगर्जी नव्हती. दिल्ली ते दौलताबाद हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. वाटेत सराया, डाकेच्या चौक्या, दुतर्फा झाडे होती. प्रवासी इब्न बतूताने चाळीस दिवसांचा हा रस्ता पुढे स्वतः चालून पाहिला, आणि बागेतून चालल्यासारखे वाटते असे लिहून ठेवले. दिल्लीत घरे सोडणाऱ्यांना खजिन्यातून किंमत मिळाली. आधी सुलतानाची आई मख्दुमा-इ-जहान आणि राजघराणे गेले, मग अमीर-उमराव, मग विद्वान आणि सुफी. पहिल्या खेपेला फारसे रडगाणे ऐकू येत नाही. बिनसले ते पुढे, जेव्हा निमंत्रणाचा हुकूम झाला आणि हुकुमाची सक्ती झाली. ज्यांना जायचे होते ते गेले होते. उरलेल्यांना ओढून नेणे सुरू झाले. इसामीचे आजोबा त्यांतले.

दिल्ली किती रिकामी झाली? बरनी म्हणतो, कुत्रे-मांजरही उरले नाही. इब्न बतूता सांगतो, सुलतान रात्री महालाच्या गच्चीवर गेला, कुठे दिवा नाही, धूर नाही हे पाहून त्याचे मन निवले. एका आंधळ्याला फरफटत नेले आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला, हीही गोष्ट त्याचीच. पण इब्न बतूता दिल्लीत आला १३३४ साली, म्हणजे या घटनेनंतर सहा-सात वर्षांनी. त्याने जे लिहिले ते बाजारात ऐकलेले. उलट १३२७ आणि १३२८ सालचे दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख आहेत. त्यांत व्यापारी घराण्यांनी विहीर खोदल्याची नोंद आहे, नगरीची स्तुती आहे, राज्य करणाऱ्या मुहंमदशाहाचे नाव आहे. ओस पडलेल्या गावात कोणी पुण्यासाठी विहीर खोदत नाही. दिल्लीच्या टांकसाळीतून त्या वर्षांत नाणीही निघत होती. अल-उमरी हा अरब लेखक तर दिल्ली आणि देवगीर अशा दोन राजधान्या सांगतो. दरबारी आणि धर्मकारणी मुसलमान घराणी हलली, सबंध शहर नव्हे, असेच आजचे बहुतेक अभ्यासक मानतात.

मग आपल्या मनात ओस दिल्लीच का उभी राहते? शेवट माहीत असतो म्हणून. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि योगायोग असा की त्यातला एक उतारा आपल्याकडच्या इतिहासातला होता: १८१४ चे इंग्रज-गुरखा युद्ध. वाचणाऱ्यांना लढाईची पूर्वपीठिका दिली. काहींना इंग्रज जिंकले असे सांगितले, काहींना गुरखे जिंकले, काहींना बरोबरी झाली असे, आणि काहींना शेवट सांगितलाच नाही. मग विचारले, कोणता शेवट होण्याची शक्यता किती होती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. ‘हे होणारच होते’ ही भावना घटनेनंतर तयार होते आणि आधीपासून होती असे भासते. बुडालेल्या धंद्याबद्दल गावभर लोक हेच म्हणतात, आणि तो चालला असता तर त्याच माणसाच्या धाडसाचे पोवाडे गायले असते. निर्णय चांगला की वाईट हे निकालावरून ठरवण्याची ही सवय लागली, की पुढच्या निर्णयासाठी शिकण्यासारखे काही हाती लागत नाही.

आता नाण्यांकडे येतो, कारण या सुलतानाचा खरा कस मला तिथे दिसतो.

१३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेचे टंके काढले आणि त्यांची किंमत चांदीच्या टंक्याइतकी ठरवली. चांदीची टंचाई होती, फौजेचा खर्च अफाट होता. यातले काही टंके दौलताबादेतच पाडलेले. ‘तख्तगाह दौलताबाद’ अशी अक्षरे त्यांवर वाचता येतात. एका बाजूला हा टंका मुहंमद तुघलकाच्या राज्यात चलनी असल्याची ग्वाही आहे, तर दुसऱ्या बाजूला जो सुलतानाची आज्ञा मानतो तो परमेश्वराची आज्ञा मानतो, अशा अर्थाचे वचन. धातूत किंमत नव्हती, म्हणून आज्ञेत किंमत ओतली होती. आज आपण खिशात जो कागद वागवतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. हिंदुस्थानापुरता तो विचार शतकांनी पुढचा होता.

कल्पना त्याला सुचली ती बहुधा चीनकडे पाहून. कुब्लाई खानाच्या राज्यात तुतीच्या सालीच्या कागदाचे चलन चाले. पण चीनमध्ये चालत होते ते नुसत्या कागदामुळे चालत नव्हते. कागद सरकारी कारखान्यात बने, त्यावर ठरावीक अधिकाऱ्यांच्या मोहरा पडत, नक्कल करणाऱ्याला देहदंड होता. यश दिसते, यशामागचा पहारा दिसत नाही. शेजाऱ्याने द्राक्षबाग लावून पैसा केला की गावभर द्राक्षबागा लागतात. शेजाऱ्याची विहीर, त्याची रात्रपाळीची फवारणी, त्याचा व्यापाऱ्याशी असलेला जुना संबंध कोणी मोजत नाही. सुलतानाने चीनची नोट घेतली, चीनचा पहारा घेतला नाही. त्याचा पितळी टंका कोणाही सोनाराला घरच्या ऐरणीवर पाडता येत होता. आणि पुढच्याला लागलेली ठेचही समोर होती. इराणमध्ये इल्खान गयखातूने १२९४ साली तब्रीझला कागदी ‘चाव’ काढले. बाजार बंद पडला, दोनएक महिन्यांत ते मागे घ्यावे लागले आणि पुढच्याच वर्षी गयखातू मारला गेला. इराणहून आलेली माणसे दिल्ली दरबारात कमी नव्हती. पण ज्याला आपले घोडे दौडवायचे असतात, त्याला चीनच आठवतो, तब्रीझ आठवत नाही.

पुढे काय झाले ते बरनीने लिहिले आहे: घरोघर टांकसाळ उघडली. बरनी ते हिंदूंच्या माथी मारतो, पण हातात ऐरण असलेल्या कोणाला मोह आवरला असेल असे मला वाटत नाही. लोकांनी सारा पितळेत भरला, घोडे आणि हत्यारे पितळेत घेतली आणि चांदी जमिनीत पुरली. दूरच्या मुलखात हे टंके तांब्याच्या भावाने जाऊ लागले. परदेशी व्यापारी ते घेईनात. फर्मान होते, वचन कोरलेले होते, पण बाजार ऐकेना.

इथे जरा थांबून पाहावे. सुलतानाच्या हातात तलवार होती. नाणे नाकारील त्याचा हात तोडा, असे तो म्हणू शकला असता आणि तसे म्हणण्यात त्याला एरवी काहीच वाटत नसे. आपले नाव, आपला देव, आपली हुशारी, सगळे त्या नाण्यावर होते. इतके घातल्यावर मागे कसे फिरायचे, आणखी थोडे रेटू, हा विचार त्याच्या जागी बसलेल्या शंभरांपैकी नव्वदांनी केला असता. बुडणाऱ्या शेअरला आपण असेच धरून बसतो: घेतलेल्या किमतीला आला की विकीन. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले की तोटा माणसाला तेवढ्याच नफ्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतो. म्हणून तोटा कबूल करण्याऐवजी आपण तो वाढू देतो. घातलेला पैसा गेलेला असतोच; प्रश्न फक्त उरलेल्याचा असतो.

मुहंमद बिन तुघलकाने दोनेक वर्षांत नाणे मागे घेतले. नुसते बंद केले नाही, परत घेतले. ज्याच्याकडे पितळेचा टंका असेल त्याने खजिन्यात आणावा आणि सोन्या-चांदीत बदलून न्यावा, असा हुकूम निघाला. खरा कोणता, घरी पाडलेला कोणता, हे बघत बसले नाहीत. लोक गाठोडी बांधून आले. तुघलकाबादेत पितळेचे ढीग डोंगरासारखे साचले, असे बरनी म्हणतो. खजिना भरडून निघाला. पण सरकारचा शिक्का बघून ज्याने खरे नाणे म्हणून माल विकला होता, तो माणूस उघड्यावर पडला नाही. शब्द राज्याचा होता, म्हणून तोटा राज्याने सोसला. हा या सुलतानाचा सर्वांत वेडा निर्णय म्हणून सांगितला जातो. माझ्या लेखी तो त्याचा सर्वांत शहाणा आणि सर्वांत सचोटीचा निर्णय आहे.

राजधानीच्या बाबतीतही तो अखेर वळला. १३३५ साली माबरचा, म्हणजे मदुराईकडचा सुभेदार स्वतंत्र झाला. सुलतान दक्षिणेत निघाला, पण वारंगळला फौजेत साथ पसरली आणि तो स्वतः आजारी पडला. परतीच्या वाटेवर बीडजवळ त्याचा एक दात पडला. फिरिश्ता लिहितो की तो दात तिथेच समारंभाने पुरला आणि वर घुमट बांधला. बीडकरांना ती जागा आजही ठाऊक आहे. पैठणला काही दिवस काढून तो दौलताबादला आला आणि ज्यांना दिल्लीला परत जायचे असेल त्यांनी जावे, अशी मुभा दिली. अनेक निघाले. दुर्दैवाने उत्तरेत तेव्हा वर्षानुवर्षे चाललेला दुष्काळ सुरू होत होता. आगीतून निघून फुफाट्यात पडण्याची ती गत होती.

मग हा माणूस अडकला कशात? नाणे सोडता आले, राजधानी सोडता आली, पण शिक्षा सोडता आली नाही. बंड झाले की देहदंड, देहदंडाने पुढचे बंड, त्याला आणखी कठोर देहदंड. औषध लागू पडत नाही तर मात्रा वाढवा, औषध बदलू नका, असा त्याचा हट्ट होता.

या हट्टाला कोणी अडवले का? १३४५ सालची गोष्ट. गुजरातेत बंड उठले होते, सुलतान दिल्लीहून निघून सुलतानपूरला मुक्कामाला होता. दिवस रमजानचे. त्याने बरनीला बोलावले आणि चहूकडे उठणाऱ्या बंडांविषयी बोलणे काढले. लोक म्हणत असतील हे माझ्या शिक्षांमुळे होते, पण मी शिक्षा थांबवणार नाही, अशा आशयाचे तो बोलला. पुढे पुन्हा असेच बोलणे निघाले, तेव्हा बरनीच्या मनात उत्तर तयार होते: होय, हे तुमच्या शिक्षांमुळेच होते आहे, काही दिवस हात आवरा, लोकांचे मन निवेल. अनेक वर्षे दरबारात काढलेला, सुलतानाच्या विश्वासातला माणूस समोर बसला होता. तो बोलला नाही. जिवाच्या भीतीने आपण गप्प राहिलो, हे त्याने स्वतःच लिहिले आहे. आपण आणि आपल्यासारखे शिकलेले लोक लोभापायी होयबा झालो, ही कबुलीही त्याने दिली आहे.

सुलतानाच्या त्या हट्टाची किंमत दौलताबादने दाखवली. धारला अझीझ खम्मार या अधिकाऱ्याने ऐंशीहून अधिक ‘अमीरान-इ-सदा’, म्हणजे शंभर स्वारांच्या वा गावांच्या हिशेबाचे सरदार, एका झटक्यात मारले होते. सुलतानाने त्याला शाबासकी आणि मानाचा पोशाख पाठवला. दख्खनची घडी बसवलेला लोकप्रिय सुभेदार कुतलुघ खान आधीच माघारी बोलावला गेला होता. आता दौलताबादच्या सदा अमीरांना गुजरातेत हजर होण्याचा हुकूम आला. वाटेतल्या पहिल्याच मुक्कामी त्यांना उमगले की हे आमंत्रण धारसारखेच आहे. ते मागे फिरले, त्यांनी किल्ला आणि खजिना ताब्यात घेतला. सुलतान धावून आला, त्याने दौलताबादला वेढाही घातला. तोच गुजरातेत तघी नावाच्या माणसाचे बंड पेटले आणि वेढा दुसऱ्यांवर सोपवून त्याला जावे लागले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन हा सरदार दौलताबादेत अल्लाउद्दीन बहमनशाह म्हणून तख्तावर बसला. तघीचा पाठलाग करता करता मुहंमद बिन तुघलक १३५१ साली सिंधमध्ये ठट्ट्याजवळ वारला. दख्खन दिल्लीच्या हातून गेले ते अडीचशेहून अधिक वर्षे.

दिल्लीहून आलेली सगळी माणसे परत गेली नाहीत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच राहिले, १३३७ साली वारले आणि खुलताबादला त्यांचा दर्गा झाला. तापीकाठचे बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाचे. अमीर खुस्रोचा मित्र, कवी अमीर हसन सिझ्झी खुलताबादेतच चिरविश्रांती घेतो आहे. वडिलांचे बोट धरून आलेला गेसूदराज दिल्लीला परत गेला, पण म्हातारपणी पुन्हा दख्खनमध्ये येऊन गुलबर्ग्याचा बंदेनवाज झाला. जिनप्रभसूरीही दिल्लीहून देवगिरीला आले, पैठणची यात्रा करून गेले आणि १३३३ साली पुऱ्या केलेल्या आपल्या ‘विविधतीर्थकल्पा’त त्यांनी पैठणलाही जागा दिली.

ज्यांच्या शब्दावर चार माणसांची घरे हलतात, मग ते दुकानाचे मालक असोत, संस्थेचे अध्यक्ष असोत की घरातले कर्ते, त्यांनी बरनीचा तो गप्प राहिल्याचा प्रसंग मुळातून वाचावा. सैयद अतहर अब्बास रिझवी यांच्या ‘तुगलक कालीन भारत’ या हिंदी ग्रंथात त्याचा अनुवाद आहे. आणि वाचून झाल्यावर आपल्या समोर रोज बसणाऱ्या माणसांपैकी कोण गप्प आहे, हे एकदा नीट पाहावे.